बर्थाला माफ करण्याआधी अल्वाची गोष्ट ऐका

'द गिल्डेड एज'चा तिसरा सीझन संपला तरी ग्लॅडिसचं लग्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. ज्यांनी मालिका अजून पाहिली नाही त्यांनी इथेच थांबलं तर बरं, कारण पुढे मी सगळं उघड करून लिहिणार आहे. मोठी पोस्ट आहे. बरेच दिवस मनात साठलेलं आहे.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ज्युलियन फेलोज यांची ही मालिका एचबीओवर जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. गोष्ट १८८२ च्या न्यूयॉर्कमध्ये सुरू होते. रेल्वेतून अफाट पैसा कमावलेले जॉर्ज आणि बर्था रसेल फिफ्थ अव्हेन्यूवर राजवाड्यासारखं घर बांधतात आणि रस्त्यापलीकडे राहणाऱ्या अ‍ॅग्नेस व्हॅन राइनसारख्या जुन्या घराण्यातल्या बायका त्यांच्याकडे ढुंकूनही बघायला तयार नसतात. बर्थाला त्या वर्तुळात शिरायचंच असतं, आणि ती शिरते. कॅरी कूननं बर्था अशी काही उभी केलीय की ती पडद्यावर आली की बाकी कोणी दिसतच नाही.

माझी तक्रार तिथूनच सुरू होते. बर्था इतकी आवडते की तिनं पोटच्या मुलीचं काय केलं हे आपण विसरून जातो. मालिकाही आपल्याला ते विसरायला मदत करते.

आठवा. ग्लॅडिसचं प्रेम बिली कार्लटनवर असतं. आई तिला ड्यूक ऑफ बकिंगहॅमच्या गळ्यात बांधते. लग्नाच्या दिवशी मुलगी रडरड रडते. पुढे काय होतं? इंग्लंडला गेल्यावर ड्यूक स्वभावानं बरा निघतो. खलनायिका ठरते ती नणंद, लेडी सारा. मग आई समुद्र ओलांडून लेकीच्या मदतीला जाते, तिला ताठ उभं राहायला शिकवते, नवराबायकोचं जमायला लागतं आणि सीझनच्या शेवटी ग्लॅडिस गरोदर असते. झालं. म्हणजे आईचंच खरं होतं!

ही गोष्ट ज्या खऱ्या मायलेकींवरून घेतलीय, त्या अल्वा आणि कॉन्सुएलो व्हँडरबिल्टच्या आयुष्यात असं झालं नाही. आणि ते माहीत असताना हा गोडवा मला गिळवत नाही.

२०२५ च्या जुलैत माझी मावशी साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. वय ७५. दर रविवारी रात्री नवा भाग यायचा आणि आम्ही दोघी सोफ्यावर पांघरूण घेऊन बसायचो. इंग्रजी भरभर बोलायला लागले की मी थांबवून सांगायचे. ग्लॅडिसच्या लग्नाचा भाग १३ जुलैला आला. मावशी तो संपल्यावर काही बोलली नाही. तिचं लग्न १९६९ साली झालं, बीएस्सीचं पहिलं वर्ष अर्धवट टाकून. स्थळ मोठं होतं, वाडा होता, शेतीभाती होती. तिनं पंधरा दिवस जेवण टाकलं होतं असं माझी आई सांगायची. मावशीनं स्वतः ते कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी तिला ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला घेऊन गेले. मालिकेचं बरंच चित्रीकरण तिथल्या जुन्या हवेल्यांमध्ये होतं. रसेलांचं स्वयंपाकघर म्हणून दिसतं ते 'द एल्म्स'चं. 'द ब्रेकर्स' ७० खोल्यांचं आहे. तेही पाहिलं, पण मला तिला दाखवायचं होतं ते मार्बल हाउस. रेल्वेवाल्या विल्यम व्हँडरबिल्टनं ते बायकोला, अल्वाला, ३९ व्या वाढदिवसाची भेट म्हणून दिलं. खर्च १ कोटी १० लाख डॉलर, त्यातले ७० लाख नुसत्या संगमरवराचे. १८९२ साली!

ही अल्वा म्हणजेच मालिकेतली बर्था. फेलोजनी पात्र रचताना बाकीही कुठून कुठून घेतलं असेल, जॉर्जमध्ये तर जे गूल्ड या रेल्वेवाल्याचाही बराच अंश आहे. पण बर्थाचा सांगाडा अल्वाचाच. पहिल्या सीझनच्या शेवटी बर्था मिसेस अ‍ॅस्टरना नमवते तो प्रसंग घ्या. अल्वानं २६ मार्च १८८३ ला फिफ्थ अव्हेन्यूवरच्या नव्या घरात वेषभूषेचा बॉल, म्हणजे नाचाची मेजवानी, दिली, सुमारे १,२०० पाहुण्यांची. मिसेस अ‍ॅस्टरची मुलगी कॅरी मैत्रिणींबरोबर त्यासाठी नाच बसवत होती. अल्वानं निरोप पोचेल अशी व्यवस्था केली की ज्या बाई कधी माझ्या दारात आल्या नाहीत, त्यांच्या मुलीला मी आमंत्रण कसं देणार? मग मिसेस अ‍ॅस्टरची गाडी अल्वाच्या दारात आली आणि त्यांचं भेटीचं कार्ड आत गेलं, असं सांगतात. न्यूयॉर्कच्या समाजात कोण 'आपलं' आणि कोण नाही हे ठरवणारी बाई होती ही मिसेस अ‍ॅस्टर. बड्या लोकांची यादी करणाऱ्या वॉर्ड मॅकअ‍ॅलिस्टरनं प्रसिद्ध केलेले ते 'चारशे' मानाचे लोक, त्यांच्या मधोमध बसलेली. तिला एका कार्डापुरतं का होईना, वाकावं लागलं.

त्या रात्रीचा एक पोशाख अजून जपलेला आहे. अल्वाची जाऊ अ‍ॅलिस 'विजेचा दिवा' होऊन आली होती. पॅरिसच्या वर्थकडून शिवून घेतलेला सोनेरी-पांढरा झगा आणि हातात बॅटरीवर पेटणारी मशाल. एडिसननं पर्ल स्ट्रीटवरून शहराच्या एका कोपऱ्यात वीज पुरवायला सुरुवात केली त्याला तेव्हा सहा-सात महिनेच झाले होते. तो झगा न्यूयॉर्क शहराच्या संग्रहालयात आहे.

ऑपेराची लढाईही खरी. अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिक या जुन्या ऑपेरागृहातले बॉक्स, म्हणजे बसायचे खास कक्ष, जुन्या घराण्यांकडे होते, पैसे मोजूनही नव्यांना मिळेनात. मग नव्यांनी स्वतःचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस बांधलं. ते २२ ऑक्टोबर १८८३ ला उघडलं आणि तीन वर्षांत अ‍ॅकॅडमीचा ऑपेरा बंद पडला. दुसरा सीझन सगळा यावर आहे आणि मला तो तिन्हींत सर्वांत कमी आवडला, त्यामुळे पुढे जाते.

मार्बल हाउसमध्ये वर कॉन्सुएलोची खोली आहे. अल्वाची थोरली, एकुलती एक मुलगी. बाकी घरभर सोनं झळकतं, आणि ही खोली मात्र काळोखी, गडद लाकडाची. कॉन्सुएलोनं म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्यात या खोलीबद्दल आहे. टेबलावरच्या वस्तू आईनं निवडलेल्या, आईनं मांडलेल्या. स्वतःची म्हणून एखादी वस्तू ठेवायची मुभा नाही. लहानपणी अभ्यासाला बसताना पाठीचा कणा ताठ राहावा म्हणून आई तिच्या पाठीला पोलादी दांडा बांधायची. एक पट्टा कमरेला, एक खांद्यांवरून, आणि एक कपाळावरून दांड्याला. लिहिणार कसं? वाचणार कसं? पुस्तक डोळ्यांच्या पातळीवर उचलून धरायचं.

हे मी मावशीला त्या खोलीच्या दारात उभं राहून सांगितलं. ती आत बघत राहिली. मागून माणसं येत होती, आम्ही बाजूला झालो.

कॉन्सुएलोला विन्थ्रॉप रदरफर्ड आवडायचा. तिच्या अठराव्या वाढदिवशी सायकलवरून फिरताना त्यानं तिला लग्नाचं विचारलं आणि ती हो म्हणाली. आईच्या कानावर गेलं. मुलीला युरोपला नेलं, त्याची पत्रं तिच्यापर्यंत पोचू दिली नाहीत. परत न्यूपोर्टला आल्यावर कॉन्सुएलोनं धीर करून सांगितलं की मला त्याच्याशीच लग्न करायचंय. अल्वा म्हणाली, मी त्याला गोळी घालीन. मग अल्वाची एक मैत्रीण येऊन सांगून गेली की तुझ्या आईला हृदयाचा झटका आलाय, तू हट्ट सोडला नाहीस तर ती जगायची नाही. मुलीनं हट्ट सोडला.

माझ्या ओळखीच्या किमान चार घरांत हा झटका आलेला आहे. तुमच्याही असेल.

नववा ड्यूक ऑफ मार्लबरो न्यूपोर्टला आला आणि मार्बल हाउसमधल्याच गॉथिक रूममध्ये त्यानं मागणी घातली. ६ नोव्हेंबर १८९५ ला न्यूयॉर्कच्या सेंट थॉमस चर्चमध्ये लग्न झालं. ड्यूकला काय मिळालं? २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर्स, वर त्यांच्या व्याजाची हमी. ब्लेनम पॅलेस या त्याच्या वडिलोपार्जित वाड्याचा डोलारा सांभाळायला पैसा लागत होता. याला हुंडा म्हणतात. गोऱ्यांचा आहे म्हणून दुसरा शब्द शोधायचं कारण नाही.

लग्नाच्या सकाळी कॉन्सुएलो एकटी खोलीत रडत होती, दाराशी नोकर पहाऱ्याला. सुजलेले डोळे पुसून तयार व्हायला वेळ लागला म्हणून नवरी चर्चमध्ये वीस मिनिटं उशिरा पोचली. वय १८. मधुचंद्रातच ड्यूकनं सांगून टाकलं की माझं दुसरीवर प्रेम आहे, घराण्यासाठी तिला सोडून मी तुझ्याशी लग्न केलं. दोन मुलं झाली. १९०६ मध्ये दोघं वेगळे झाले आणि १९२१ मध्ये घटस्फोट. नवऱ्याचं मन कधी वळलं नाही, आणि आई मदतीला आली म्हणून संसारही सुधारला नाही. ग्लॅडिसच्या वाट्याला फेलोजनी जे दिलं त्यातलं काही कॉन्सुएलोला मिळालं नाही.

कोणी म्हणेल, काल्पनिक मालिका आहे, लेखकाला मुभा आहे. आहेच. बर्था म्हणजे तंतोतंत अल्वा नव्हे, हेही मान्य. पण ज्या गोष्टीवरून तुम्ही पाच-सहा प्रसंग जसेच्या तसे उचलता, त्यातलं सगळ्यांत दुखरं टोक घासून गुळगुळीत केलं तर प्रश्न विचारायला नको? सक्तीनं लावलेली लग्नं 'नंतर जमतात' हे ऐकत आपण वाढलो. तेच वाक्य इतक्या सुंदर झग्यांमध्ये गुंडाळून पुन्हा ऐकवलं जातंय याचा मला त्रास होतो.

याच सीझनमध्ये दुसरीही एक आई आहे आणि तिच्यावर म्हणावं तेवढं कोणी लिहिलं नाही. पेगी स्कॉट या कृष्णवर्णीय लेखिकेचं डॉक्टर कर्कलंडशी जमू नये म्हणून धडपडणारी त्याची आई. न्यूपोर्टमधलं सुखवस्तू, जुन्या घराण्यातलं कृष्णवर्णीय कुटुंब. पेगी त्यांच्याहून काळ्या रंगाची आणि तिचे वडील गुलामीत जन्मलेले म्हणून ती बाई नाक मुरडते. पण तिचा मुलगा तिचं न ऐकता पेगीला मागणी घालू शकतो. तो मुलगा आहे, डॉक्टर आहे, स्वतः कमावतो. ग्लॅडिसकडे यातलं काहीच नव्हतं.

पेगीची बाजू मला मालिकेतली सर्वांत प्रामाणिक वाटते. एरिका आर्मस्ट्राँग डनबार या इतिहासकार निर्मितीत आहेत, ते जाणवतं. पेगीचा संपादक टी. थॉमस फॉर्च्युन हा खराखुरा माणूस, गुलामीत जन्मून न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्र चालवणारा. इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. मालिकेचं नाव ज्यावरून आलं ती मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांची कादंबरी १८७३ ची. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं, आणि त्याची अर्पणपत्रिका कोणाला आहे? गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सत्पुरुषांना. पुण्यात बसून एक माणूस त्या देशातला सर्वांत चांगला भाग ओळखत होता, त्याच वर्षी तिथलेच दोन लेखक वरच्या सोनेरी मुलाम्याला नाव देत होते.

आणि आनंदीबाई जोशी. अल्वाचा बॉल झाला त्यानंतर बरोबर दहा आठवड्यांनी, ब्रुकलिन ब्रिज खुला झाल्यावर अकरा दिवसांनी, ४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. वय १८, कॉन्सुएलो लग्नात होती तेवढंच. रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना मुलीसारखं ठेवून घेतलं. आमच्या घरापासून रोझेल अर्ध्या तासावर आहे. मालिकेत बंदराचं दृश्य आलं की मी प्रत्येक वेळी नऊवारी शोधते. तीन वर्षांनी आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या, पुढे अमेरिकाभर हिंडल्या आणि इथल्या लोकस्थितीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, १८८९ मध्ये. बायकांच्या संस्था, त्यांचं शिक्षण, त्यांचे उद्योग, सगळं नोंदवलंय. या काळाची मराठी साक्षीदार आपल्या घरात आहे, आणि आपण तो काळ फक्त इंग्रजी मालिकेतून बघतो.

असो, अल्वाकडे येते. कारण माझा खरा मुद्दा अजून यायचाय.

अल्वा दुष्ट होती असं मी म्हणत नाहीये. यादवी युद्धानंतर वडिलांचा कापसाचा धंदा बसला, घरातला पैसा गेला, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पैशासाठी लग्न तिनं स्वतः केलं होतं. नवऱ्याची बाहेरची प्रकरणं निमूट सोसायची त्या काळाची रीत होती, तर हिनं १८९५ मध्ये घटस्फोट घेतला, आणि जे दरवाजे इतक्या कष्टानं उघडले होते त्यातले कित्येक स्वतःवर बंद करून घेतले. मुलीला कोणी हिरावून घेणार नाही असं पद मिळवून द्यायचं, हा तिचा विचार. बर्था मालिकेत जॉर्जपुढे हेच मांडते आणि ते खोटं वाटत नाही.

दुसरा नवरा १९०८ मध्ये गेल्यावर अल्वानं सगळा जीव बायकांच्या मताधिकारात ओतला. १९०९ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या शिवणकामगार मुलींचा संप झाला तेव्हा ती रात्रभर कोर्टात बसून राहिली आणि अटक झालेल्या चार मुलींच्या जामिनासाठी मॅडिसन अव्हेन्यूवरचं स्वतःचं घर तारण दिलं. पुढे नॅशनल वुमन्स पार्टीची ती अध्यक्ष झाली. जुलै १९१४ मध्ये मार्बल हाउसमध्ये स्त्रियांची परिषद भरवली. तिथे भाषणाला कोण उभं राहिलं? कॉन्सुएलो. ज्या घरात तिला ड्यूकच्या हवाली केलं गेलं, त्याच घरात.

आणि मग १९२६. कॉन्सुएलोचं पहिलं लग्न धर्मानं रद्द व्हावं म्हणून रोमच्या धर्मन्यायालयात अर्ज गेला. लग्न सक्तीनं झालं होतं हे सिद्ध करायचं होतं, त्यासाठी साक्ष हवी होती. अल्वा ७३ वर्षांची होती. तिनं साक्ष दिली. मी मुलीवर सक्ती केली, तिच्यावर माझी पूर्ण सत्ता होती, मी तिला विनवलं नाही, हुकूम दिला, असं सांगितलं. ही साक्ष बाहेर फुटली, अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी गहजब केला. बायकांच्या हक्कांसाठी लढणारी बाई आणि हिनं पोटच्या मुलीचं हे केलं! तिनं शब्द मागे घेतला नाही. लग्न रद्द झालं.

हे मी मावशीला बाहेर समुद्राच्या बाजूच्या हिरवळीवर सांगितलं. ती बाकावर बसली होती, पायातले बूट काढून.

"म्हणजे आईनं कबूल केलं?"

"हो. लेखी."

"चारचौघांत?"

"हो."

ती बराच वेळ समुद्राकडे बघत होती. मग म्हणाली, "माझी आई जायच्या आदल्या आठवड्यातसुद्धा म्हणाली, तुझ्या भल्यासाठीच केलं गं. मी म्हटलं, हो आई. दुसरं काय म्हणणार? पण एकदा म्हणायला हवं होतं तिनं."

'काय' म्हणायला हवं होतं ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. माझी आजी मला फार प्रिय होती. हे लिहितानाही हात थोडा अडखळतोय.

मालिकेत मला हे हवं होतं. ग्लॅडिसचा संसार सुखाचा करून बर्थाला सोडवू नका. ग्लॅडिसला दुःखी होऊ द्या, आणि बर्थाला इतकी मोठी होऊ द्या की ती एक दिवस मुलीसमोर बसून म्हणेल, मी चुकले, मी तुझ्यावर जबरदस्ती केली. अल्वानं ते केलं. उशिरा केलं, तीस वर्षांनी केलं, पण जगासमोर केलं. कॅरी कूनसारखी नटी हाताशी असताना हा प्रसंग लिहायचा नाही तर कोणता लिहायचा? चौथा सीझन येतोय. अजून वेळ आहे.

निघताना तिथल्या दुकानात मावशीनं एक बशी घेतली. अल्वानं परिषदेसाठी इंग्लंडहून चिनी मातीची भांडी करून घेतली होती, पांढरी, त्यावर निळ्या अक्षरांत 'स्त्रियांना मताधिकार'. त्याचीच नक्कल. मावशी स्वतःसाठी कधी काही घेत नाही, म्हणून मला नवल वाटलं.

शेवटचा भाग आम्ही १० ऑगस्टला एकत्र पाहिला. ग्लॅडिस गरोदर आहे हे कळल्यावर मावशी म्हणाली, "आता हिला कोणी काही विचारणार नाही. मूल झालं की सगळे म्हणतात, झालं ना सगळं छान." मग उठून पाणी प्यायला आत गेली.

बशी तिनं हातातल्या बॅगेत साडीत गुंडाळून नेली. परवा व्हिडिओ कॉलवर दिसली, मागे फडताळात उभी करून ठेवलेली, आजीच्या फोटोच्या शेजारी.